काचेवरची लाल खूण

काच चार इंच रुंद आणि पाच इंच लांब, देव्हाऱ्यातल्या लहानशा तसबिरीएवढी. तिच्यावर आकाश उतरलंय, पण उलटं: आभाळ फिकट आणि तारे काळे, कारण ती निगेटिव्ह आहे. एका मोठ्या धुरकट डागाच्या आसपास कुणीतरी बारीक रेघा मारून तीन ठिकाणी इंग्रजी 'एन' लिहिलाय. एन म्हणजे नोव्हा, नवतारा. त्या तिघांतला एक 'एन' नंतर खोडलाय आणि त्याच्याजवळ लाल शाईने 'व्ही-ए-आर' ही तीन अक्षरं लिहून पुढे उद्गारचिन्ह दिलंय. वेधशाळेच्या नोंदींत उद्गारचिन्ह फार क्वचित भेटतं.

ही काच कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेची. क्रमांक एच ३३५ एच. पहिला एच हूकर दुर्बिणीचा, शेवटचा एडविन हबलचा. रात्र १९२३ च्या ऑक्टोबरातली, ५ आणि ६ तारखेच्या मधली.

त्याच महिन्यात 'वीअर्ड टेल्स' नावाच्या, स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या भयकथांच्या मासिकात प्रॉव्हिडन्स शहरातल्या एका लेखकाची 'डेगॉन' ही कथा आली. या मासिकातली त्याची ही पहिलीच कथा. लेखकाचं नाव हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट. वय ३३. हबल त्याच्याहून बरोबर नऊ महिन्यांनी मोठा.

एकाने विश्व केवढं आहे ते मोजलं, दुसऱ्याने त्या मापाची भीती लिहून ठेवली. दोघांची चरित्रं वेगवेगळ्या कपाटांत ठेवली जातात, एक विज्ञानाच्या आणि दुसरं भयकथांच्या. मला मात्र ते दोघे एकाच गोष्टीतले वाटतात. आणि गोष्ट सुरू होते ती या दोघांपासून नाहीच, एका बाईंपासून.

हेन्रिएटा स्वान लेव्हिट. जन्म १८६८ चा, मॅसॅच्युसेट्समधला. हार्वर्ड कॉलेजच्या वेधशाळेत त्या काळी बायकांची एक तुकडी दिवसभर काचा तपासत बसायची. त्यांना 'कॉम्प्युटर' म्हणत, म्हणजे गणती करणाऱ्या. रात्री दुर्बिणीशी बसायचं ते पुरुषांनी, सकाळी काचांशी बसायचं ते बायकांनी, अशी वाटणी. लेव्हिटबाईंना तासाला ३० सेंट मिळत. त्यांचं ऐकू येणं हळूहळू जवळजवळ गेलंच होतं. पेरू देशात आरेक्विपाला हार्वर्डचं एक ठाणं होतं. तिथून दक्षिण आकाशाचे फोटो काढलेल्या काचा यायच्या आणि बाईंच्या टेबलावर पडायच्या.

काम असं: एकाच भागाच्या दोन वेगळ्या रात्रींच्या काचा घ्यायच्या, एक निगेटिव्ह आणि एक पॉझिटिव्ह, आणि एकीवर एक ठेवायच्या. तारा तसाच असेल तर त्याचा काळा ठिपका पांढऱ्या ठिपक्यात मावून जातो. कडेने काही बाहेर डोकावलं, तर तारा मधल्या काळात उजळला किंवा मंदावला. अशा ताऱ्यांना आपण रूपविकारी तारे म्हणतो. लेव्हिटबाईंनी ते सुमारे २४०० शोधले. भिंगाखाली एकेक ठिपका, वर्षानुवर्षं. १९०८ साली त्यांनी मॅगेलनी मेघांतल्या १७७७ रूपविकारी ताऱ्यांची यादी छापली आणि जाता जाता लिहिलं की जे तारे जास्त तेजस्वी, त्यांना उजळून मंदावून पुन्हा उजळायला जास्त दिवस लागतात असं दिसतं.

१९१२ मध्ये त्यांनी धाकट्या मॅगेलनी मेघातल्या २५ ताऱ्यांवर तेच पुन्हा तपासलं. सर्वांत चपळ तारा सव्वा दिवसात एक फेरा पुरा करत होता, सर्वांत संथ १२७ दिवसांत. आलेखावर मांडले तर सगळे एका रेषेत. पत्रकावर सही वेधशाळेचे संचालक पिकरिंग यांची आहे. मजकूर मिस लेव्हिट यांनी तयार केला, असं पहिल्याच वाक्यात म्हटलंय.

याचं मोल समजून घ्यायला क्षणभर थांबायला हवं. रात्री मिणमिणता दिवा दिसला तर तो जवळचा लहान दिवा की लांबचा मोठा, हे डोळ्याला कळत नाही. आकाशाची सगळी अडचण हीच होती. पण समोरच्या डोंगरावरच्या एकाच वाडीतले दिवे बघितले तर सगळे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर असतात, म्हणून जो ठळक दिसतो तो खरोखर मोठा असतो. मॅगेलनी मेघ ही लेव्हिटबाईंची वाडी होती. तिथल्या दिव्यांवरून त्यांनी नियम काढला: फेऱ्याचे दिवस मोजा, दिव्याची खरी ताकद कळेल. ताकद कळली की तो दिसतो किती मंद, यावरून अंतर काढणं हे हिशेबाचं काम. गाठीला फक्त एक गोष्ट कमी होती. अशा एखाद्या जवळच्या ताऱ्याचं अंतर कुणीतरी वेगळ्या मार्गाने काढून द्यायला हवं होतं. डेन्मार्कच्या एजनर हर्ट्झस्प्रुंगने पुढच्याच वर्षी त्याला हात घातला. या ताऱ्यांना सेफीड म्हणतात.

बाईंनी आकाशाला फूटपट्टी दिली आणि पुन्हा काचांकडे वळल्या, कारण त्यांना नेमून दिलेलं काम तेच होतं.

ती फूटपट्टी पहिल्यांदा जोरात वापरली हार्लो शॅप्लीने. हा मिझुरी राज्यातल्या खेड्यातला, आधी वार्ताहरी केलेला, बोलका माणूस. माउंट विल्सनवर बसून त्याने ताऱ्यांच्या गोलाकार पुंजक्यांची अंतरं काढली आणि १९१८ च्या सुमारास जाहीर केलं की सूर्य आकाशगंगेच्या मध्यावर नाही, हजारो प्रकाशवर्षं बाजूला पडलाय. आकाशगंगेची रुंदी त्याने तीन लाख प्रकाशवर्षं धरली. आजच्या मापाच्या जवळजवळ तिप्पट. शॅप्लीला या शोधाचं दुःख झालं नाही. माणूस मध्यावर नाही ही कल्पना त्याला आवडली होती आणि ती तो आनंदाने सांगत असे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पण इतकी मोठी आकाशगंगा मिळाल्यावर तिच्या बाहेर काही असायची शॅप्लीला गरज वाटेना. देवयानी तारकासमूहातला तो जुना धुरकट डाग, ज्याची नोंद पर्शियाच्या अल-सुफीने दहाव्या शतकात केली होती, आणि त्याच्यासारखे इतर सर्पिल तेजोमेघ, हे त्याच्या मते आकाशगंगेच्याच पदरात होते. लिक वेधशाळेचा हेबर कर्टिस उलट म्हणत होता: ती स्वतंत्र विश्वं आहेत. २६ एप्रिल १९२० रोजी वॉशिंग्टनमध्ये दोघे एका व्यासपीठावर आले.

शॅप्लीची बाजू मूर्खपणाची मुळीच नव्हती. १८८५ साली देवयानीतल्या त्या तेजोमेघात एक नवतारा पेटला होता. तेजोमेघ फार दूर असेल, तर तो एकटा तारा कोट्यवधी सूर्यांइतका उजळला असं मानावं लागेल, आणि असा तारा तेव्हा कुणाच्या कल्पनेतही नव्हता. शिवाय माउंट विल्सनवरचाच त्याचा मित्र व्हॅन मानेन काचांवर मोजून सांगत होता की सर्पिल तेजोमेघ फिरताना दिसतात. लाखो प्रकाशवर्षं दूरची गोष्ट दहा-वीस वर्षांत हललेली दिसणं अशक्य. व्हॅन मानेनची मोजणी चुकीची निघाली, आणि १८८५ चा तारा पुढे ज्यांना अतिनवतारा म्हणू लागले त्या जातीचा ठरला. पण हे नंतर कळलं. त्या संध्याकाळी निकाल लागला नाही.

माउंट विल्सनवरची एक आठवण मात्र सांगण्याजोगी आहे. तिथे मिल्टन ह्युमासन नावाचा एक माणूस होता. शाळा अर्ध्यात सोडलेला, वेधशाळेचं सामान खेचरांवर लादून डोंगरावर नेणारा, मग तिथेच झाडलोट करणारा, आणि मग रात्रीचा मदतनीस. शॅप्लीने त्याला देवयानीच्या काही काचा तपासायला दिल्या. ह्युमासनने एक-दोन ठिपक्यांवर शाईच्या खुणा केल्या आणि म्हणाला, हे रूपविकारी दिसतात. शॅप्लीने तसं का असू शकत नाही ते समजावून सांगितलं, खिशातून रुमाल काढला आणि काच पुसली. ही हकिगत पुढच्या पिढीतल्या खगोलशास्त्रज्ञांनी सांगितलेली आहे. तिचा तपशील थोडा इकडेतिकडे झाला असेल, पण ती सांगितली जात राहिली यावरूनच त्या खुणांचं महत्त्व कळतं. १९२१ मध्ये शॅप्ली हार्वर्डच्या वेधशाळेचा संचालक म्हणून निघून गेला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, त्याच वेधशाळेच्या सेवेत असताना, लेव्हिटबाई कर्करोगाने गेल्या. वय ५३.

हबल मागे राहिला. हाही मिझुरीतच जन्मलेला, ऑक्सफर्डला शिकून आल्यावर इंग्रजी धाटणीचे उच्चार जपणारा, पहिल्या महायुद्धात मेजरपदापर्यंत पोचलेला. त्याच्या हाताशी जगातली सर्वांत मोठी दुर्बीण होती. लॉस एंजेलिसच्या हूकर नावाच्या व्यापाऱ्याच्या देणगीतून तिचा १०० इंची आरसा बनला. काच फ्रान्समध्ये ओतलेली, आणि दारूच्या बाटल्यांना असते तशी हिरवट झाक असलेली. घुमट उघडा आणि हवा बाहेरच्याइतकीच थंड, कारण आतली ऊब वर गेली की प्रतिमा थरथरते. निरीक्षकाने भिंगातून वाटाड्या ताऱ्यावर डोळा लावून बसायचं आणि तो तारा तारेच्या फुलीवरून सरकला की दुर्बीण केसभर हलवायची. पाऊण तास.

४ ऑक्टोबरच्या रात्री हवा चांगली नव्हती. तरी देवयानीच्या तेजोमेघाच्या काचेवर एक नवा ठिपका आल्यासारखा वाटला. दुसऱ्या रात्री ४५ मिनिटांचा फोटो घेतला, त्यात तो ठिपका पक्का झाला, वर आणखी दोन मिळाले. हबलने तिन्हींवर 'एन' लिहिलं. नवतारेच शोधायला तो बसला होता. मग खाली पासाडिनाच्या कचेरीत जाऊन त्याने जुन्या काचा काढल्या. त्यांतल्या काहींवर, मागच्या वर्षांतल्या, त्या तिघांतला एक ठिपका आधीपासून होता. कधी ठळक, कधी मंद, कधी नाहीसा, पुन्हा ठळक. नवतारा एकदा पेटतो आणि विझतो. हा श्वास घेत होता.

'एन' खोडला गेला. लाल खूण झाली.

हबल धावत सुटला नाही. तो जपून चालणारा माणूस होता. हिवाळाभर त्याने त्या ताऱ्याचा पाठलाग केला, आणि १९२४ च्या फेब्रुवारीत लागोपाठच्या रात्रींत तो तारा झपाट्याने उजळताना पकडला. चढताना भरभर आणि उतरताना सावकाश, हीच सेफीडची चाल. फेरा ३१ दिवसांहून थोडा जास्त. लेव्हिटबाईंच्या रेषेवर तो मांडला तर तारा सूर्याच्या हजारो पट तेजस्वी असायला हवा होता, आणि तरी तो जेमतेम काचेवर उमटत होता. हिशेब नऊ लाख प्रकाशवर्षांच्या पलीकडे गेला. शॅप्लीच्या अवाढव्य आकाशगंगेच्याही तिप्पट लांब.

१९ फेब्रुवारीला हबलने शॅप्लीला पत्र लिहिलं. शांत भाषेत, सोबत ताऱ्याच्या तेजाचा आलेख. पत्र हार्वर्डला पोचलं तेव्हा इंग्लंडहून नुकतीच आलेली सिसिलिया पेन नावाची तरुण अभ्यासक शॅप्लीच्या खोलीत होती. शॅप्लीने पत्र तिच्या पुढे केलं आणि म्हणाला की या पत्राने माझं विश्व नष्ट केलं. ही आठवण तिने पुढे सांगितली. वर्षअखेरीला न्यूयॉर्क टाइम्समध्ये छोटी बातमी आली, हबलच्या नावाचं स्पेलिंग चुकवून. १ जानेवारी १९२५ रोजी वॉशिंग्टनच्या सभेत हबलचा निबंध खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांनी वाचला, हबल स्वतः हजरही नव्हता.

त्याच वर्षी स्वीडनचे गणिती मिताग-लेफ्लर यांनी मिस लेव्हिट यांच्या नावे पत्र पाठवलं. त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवायचा विचार होता. पत्र उघडलं शॅप्लीने. बाईंना जाऊन तीन वर्षं होऊन गेली होती.

आता प्रॉव्हिडन्सला जाऊ.

लव्हक्राफ्टला खगोलाचं वेड बारा वर्षांचा असताना लागलं. घराजवळच्या टेकडीवर ब्राऊन विद्यापीठाची लॅड वेधशाळा होती आणि तिथले प्राध्यापक विन्स्लो अप्टन घरच्यांच्या ओळखीचे, म्हणून या मुलाला आत यायची मोकळीक होती. हा सायकल ढकलत टेकडी चढायचा. घरी तो हाताने लिहून स्वतःचं खगोलाचं नियतकालिक काढायचा. १९०६ मध्ये, सोळावं पुरं व्हायच्या आत, त्याने 'सायंटिफिक अमेरिकन'ला पत्र लिहिलं: नेपच्यूनपलीकडे ग्रह असणार, वेधशाळांनी मिळून फोटोंच्या साहाय्याने त्यांचा शोध घ्यावा. पत्र छापून आलं. गावच्या वर्तमानपत्रांत त्याची आकाशावरची सदरं सुरू झाली. पुढे खगोलशास्त्राचा प्राध्यापक व्हायचं, हे त्याने मनाशी ठरवलं होतं.

आणि बीजगणिताने वाट अडवली. १९०८ मध्ये त्याची तब्येत आणि मन दोन्ही कोसळलं, शाळा पदविकेविना सुटली. वडील आधीच मनोरुग्णालयात वारले होते, आजोबा गेल्यावर मोठं घर सुटलं होतं. पाच वर्षं तो जवळजवळ घरात कोंडून राहिला. आकाश त्याच्याजवळ उरलं, पण त्याच्याशी करायचं काम हातून गेलं.

मला या गोष्टीचा कणा इथे सापडतो. शॅप्लीने सूर्याला मध्यावरून ढकललं आणि तो खूश झाला. पाच-सहा वर्षांनी त्याचं स्वतःचं विश्व मोडलं, तर त्याने ते मान्य केलं आणि पुढे हार्वर्डमध्ये आकाशगंगेसारख्या इतर दीर्घिकांची मोजदाद हाती घेतली. हबलने विश्वाचं दार उघडलं आणि उद्गारचिन्ह दिलं. लेव्हिटबाईंनी सगळ्याची किल्ली शोधली आणि दुसऱ्या दिवशी पुढची काच उचलली. यांच्यापैकी कुणाच्याही लिहिण्यात भयाचा लवलेश नाही. कारण त्यांना विश्व भेटलं ते हातातल्या कामातून: थंड घुमट, मानेला लागलेली रग, पुसून टाकलेली खूण, सापडलेली चूक. लव्हक्राफ्टला भेटला तो नुसता निकाल. केवढं मोठं, केवढं जुनं, आणि त्यात माणसाला जागा कुठे नाही. मोजण्याच्या कामाबाहेर राहिलेला हा माणूस मापासमोर एकटा उभा होता, आणि त्याने जे लिहिलं ते त्या एकटेपणाचं आहे. आपण बहुतेक सगळे त्याच्याच जागी उभे असतो. निकाल आपल्याला बातमी म्हणून कळतो. म्हणून त्याच्या कथा आपल्याला अजून पकडतात.

१९२६ च्या उन्हाळ्यात त्याने 'द कॉल ऑफ कथुलू' लिहिली. ती १९२८ च्या फेब्रुवारीत छापून आली. त्याआधी 'वीअर्ड टेल्स'च्या संपादकांनी ती एकदा परत पाठवली होती. तिच्यात भूत नाही, शाप नाही, पाप-पुण्याचा हिशेब नाही. ताऱ्यांकडून आलेलं काहीतरी समुद्राच्या तळाशी निजलंय, माणूस जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून. त्याला माणसाचा राग नाही आणि लोभही नाही. माणूस त्याच्या जमेतच नाही. जुन्या भुतांना आपली वासना असते, सूड असतो. म्हणजे आपण त्यांच्या लेखी कुणीतरी असतो. वेताळालाही विक्रमाशी बोलावंसं वाटतं. लव्हक्राफ्टने तो शेवटचा मानही काढून घेतला. माणसाचे कायदे, हितसंबंध आणि भावना यांना अफाट विश्वात काही अर्थ नाही, या पायावर माझ्या सगळ्या कथा उभ्या आहेत, असं त्याने १९२७ मध्ये संपादकांना स्पष्ट कळवलं होतं. कथेच्या सुरुवातीलाच तो सुचवतो की वेगवेगळ्या शास्त्रांचे तुकडे जुळले की जे दिसेल ते माणसाला सोसणार नाही. तुकडे तेव्हा खरोखरच जुळत होते.

आणि हे संबंध वरवरचे नव्हते. १९३१ च्या नोव्हेंबरात डच खगोलशास्त्रज्ञ विलेम द सिटर यांचं विश्वाच्या आकारावरचं व्याख्यान त्याने ऐकलं. पुढच्या वर्षाच्या आरंभी लिहिलेल्या 'द ड्रीम्स इन द विच हाउस' या कथेत आइन्स्टाइनच्या जोडीला द सिटर यांचं नाव आलं.

त्याच्याविषयी एक गोष्ट झाकून ठेवणं बरं नाही. लव्हक्राफ्ट कडवा वर्णद्वेष्टा होता. न्यूयॉर्कमध्ये काढलेल्या दोन वर्षांत रस्त्यावरच्या परदेशी चेहऱ्यांचा त्याला जो तिटकारा आला, तो त्याच्या पत्रांत आणि कथांत उघड आहे. 'कथुलू'तले दुष्ट पंथीय कोणत्या रंगाचे आहेत ते तो आवर्जून सांगतो. अफाट विश्वापुढे सगळी माणसं सारखीच कवडीमोल, हे ज्याच्या तत्त्वज्ञानाचं पहिलं कलम, त्याला शेजारच्या माणसाला कमी लेखणं सोडता आलं नाही. माझ्या मते ही त्याची सर्वांत मोठी हार आहे, गणितातल्या हारेपेक्षा मोठी.

१९३० साली त्याचं पोरवयातलं पत्र खरं ठरल्यासारखं झालं. ॲरिझोनातल्या लोवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ हा कॅन्ससचा शेतकऱ्याचा मुलगा जानेवारीतल्या दोन काचा आलटून पालटून पाहत होता. १८ फेब्रुवारीला एक ठिपका उडी मारताना दिसला. प्लूटो. पुन्हा दोन काचा, पुन्हा एक हललेला ठिपका. लव्हक्राफ्ट तेव्हा 'द व्हिस्परर इन डार्कनेस' लिहीत होता. त्याने नेपच्यूनपलीकडच्या आपल्या युगॉथ या काळोख्या ग्रहाची सांगड या नव्या ग्रहाशी घातली. २०१५ च्या जुलैत न्यू होरायझन्स यान प्लूटोजवळून गेलं, तेव्हा विषुववृत्ताजवळच्या एका लांबलचक काळपट प्रदेशाला शास्त्रज्ञांनी बोलीत नाव ठेवलं ते कथुलू.

त्याच कथेत, दचकवणाऱ्या नावांच्या एका यादीत, हॅस्टर हे नाव येऊन जातं. मुळात ते ॲम्ब्रोझ बिअर्सचं, लव्हक्राफ्टने उचललेलं. पुढे स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा' कथेत त्या नावाचा धावा होतो. त्या कथेवरून नारायण धारपांनी मराठीत 'आजी' लिहिली. ती गोष्ट राही अनिल बर्वे यांनी लहानपणी मित्राच्या तोंडून ऐकली आणि २०१८ मध्ये त्यांचा 'तुंबाड' चित्रपट आला. कोकणातल्या त्या पावसात वाड्याच्या पोटातून वर येणाऱ्या हस्तरचं नाव असं फिरत आलंय. आपल्याकडे येताना मात्र त्याच्यात एक बदल झाला, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. आपला हस्तर भुकेला आहे. त्याच्या हाती सोनं आहे, पण अन्न नाही, हाच त्याचा शाप. त्याला माणसाशी देणंघेणं आहे. मराठी मनाने विश्वाच्या बेफिकिरीची कथा घेतली आणि तिला पुन्हा हाव आणि तिची फळं यांच्याकडे वळवलं.

दुसरी वाट जयंत नारळीकरांनी दाखवली. स्वतः विश्वरचनेचा अभ्यासक. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आपली आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे नावामुळे बक्षीस मिळायला नको. बक्षीस मिळालं. त्यांच्या कथांत विश्व तितकंच अफाट आहे, पण त्यापुढे गोठून जाणारं कुणी नाही. तिथे कुणीतरी कायम मोजत असतं.

हबलचं अंतरही शेवटचं नव्हतं. युद्धकाळात लॉस एंजेलिसचे दिवे मालवलेले असताना वॉल्टर बाडे याने त्याच १०० इंची दुर्बिणीतून देवयानीच्या गाभ्यातले तारे वेगवेगळे पाहिले. सेफीड दोन जातींचे असतात हे त्यातून उलगडलं, आणि १९५२ मध्ये त्याने रोमच्या परिषदेत सांगितलं तेव्हा देवयानी एकदम दुप्पट लांब गेली. आज ते अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं धरतात. विश्व दुप्पट झाल्यावर कुणी दार लावून बसलं नाही. सगळ्यांनी आपापल्या वह्या दुरुस्त केल्या. २०१० मध्ये हबलच्या त्या ताऱ्यावर जगभरातल्या हौशी निरीक्षकांनी काही महिने नजर ठेवली आणि त्यांच्या नोंदींवरून हबल अवकाश दुर्बिणीच्या वेळा ठरल्या. त्यातल्या कुणाचीही नोकरी खगोलाची नव्हती.

म्हणून वाचकांना एक विनंती. नोव्हेंबरात अमावास्येच्या आगेमागे शहराबाहेर जा. रात्री आठ-साडेआठला उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. शर्मिष्ठेचे पाच तारे इंग्रजी 'एम'सारखे दिसतील. त्यांतलं जास्त टोकदार टोक देवयानीकडे बोट दाखवतं. पुराणात या दोघींचं जमलं नाही, आकाशात एकीवरून दुसरीची वाट सापडते. तिथला तो धुरकट ठिपका म्हणजे हबलच्या काचेवरचा डाग. तो बघा, पण तेवढ्यावर परतू नका. शर्मिष्ठेच्या पश्चिमेला तिचा बाप वृषपर्वा आहे. त्याच्या एका कोपऱ्यात तीन ताऱ्यांचा छोटा त्रिकोण दिसतो. त्यांतला एक डेल्टा सेफी, ज्याच्यावरून सेफीड हे नाव पडलं. १७८४ मध्ये यॉर्कच्या जॉन गुडरिकने त्याचं उजळणं-मंदावणं ओळखलं. तोही बहिरा होता, वय वीस. शेजारचे दोन तारे, झीटा आणि एप्सिलॉन, डोळ्याला बदलताना दिसत नाहीत. डेल्टा भरात असतो तेव्हा झीटाच्या बरोबरीला येतो आणि उतरतो तेव्हा एप्सिलॉनपेक्षाही किंचित मंद होतो. रोज रात्री बघा आणि वहीत तारीख, वेळ आणि तो कुणाच्या जवळपास आहे एवढंच लिहा. दुर्बीण लागत नाही. त्याचा एक फेरा ५ दिवस आणि ९ तासांना थोडा कमी, असा आहे.